बोट मोठं, घड्याळ छोटं

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक जुनी खोड आहे. नवीन यंत्र हातात आलं रे आलं, की जुन्या यंत्रावरचं सगळं सामान उचलून त्यात कोंबायचं. वाड्यातून वन-बीएचकेत राहायला जाताना आजीचा तांब्याचा बंब बरोबर न्यावा, तसं. बंब वाईट नसतो हो, पण बाथरूमचं दार लागेना की त्रास कळतो. संगणकावरचा कीबोर्ड आम्ही फोनवर नेला, तिथे तो कसाबसा मावला. मग मनगटावर पडदा आला आणि आम्ही तोच कीबोर्ड तिथेही नेऊन ठेवला. स्मार्टवॉचवर दोन शब्द लिहिताना जी तारांबळ उडते तिचं मूळ या खोडीत आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. मराठीत लिहू पाहणाऱ्याला ही खोड दुप्पट नडते. आणि गंमत म्हणजे त्यावरच्या उपायाचा निम्मा भाग आपण सगळे अंकलिपीत शिकून बसलोय.

आधी थोडं गणित करू. घाबरू नका, चौथीच्या वर जाणार नाही.

घड्याळाचा पडदा रुंदीला साधारण 28 ते 30 मि.मी. असतो. इंग्रजी कीबोर्डच्या वरच्या ओळीत 10 अक्षरं. म्हणजे एका अक्षराच्या वाट्याला आले जेमतेम 3 मि.मी. हरभऱ्याच्या दाण्याहून लहान! आणि आपलं बोट? 2006 साली पार्ही, कार्लसन आणि बेडरसन या तीन संशोधकांनी छोट्या टच पडद्यांवर एका हाताच्या अंगठ्याने काम करताना बटण किती मोठं असावं याचा अभ्यास केला. एकेकटं बटण दाबायचं असेल तर 9.2 मि.मी., आणि लागोपाठ टायपिंग करायचं असेल तर 9.6 मि.मी., असं त्यांचं उत्तर होतं. अँड्रॉइडच्या नियमांतही बटणाचा किमान आकार साधारण 9 मि.मी.च धरलाय. म्हणजे गरज 9 ची आणि पुरवठा 3 चा. पाण्याच्या टँकरवर अवलंबून असलेल्या सोसायट्यांना हे गणित वेगळं समजावून सांगायला नको.

शिवाय बोट हे काही पेनचं टोक नाही. क्रिस्तियन होल्त्झ आणि पॅट्रिक बाउडिश या दोघांनी 2010-11 च्या सुमारास फार छान गोष्ट दाखवून दिली. आपण बटण दाबतो तेव्हा नेम धरतो तो वरून दिसणाऱ्या नखाच्या, बोटाच्या कडेच्या अंदाजाने. पडद्याला मात्र कळतो तो खालून टेकलेला मांसल भाग. या दोन्ही जागा एक नसतात. म्हणजे आपण 'नेमकं' दाबलं तरी यंत्राच्या दृष्टीने ते थोडं बाजूलाच पडतं. फोनवर हा फरक खपून जातो. घड्याळावर तेवढ्या फरकात शेजारचं अक्षर येतं. त्यात भर म्हणजे जिथे दाबायचं तीच जागा बोटाखाली झाकली जाते. पत्ता शोधताना नकाशावरच हात ठेवून बसावं तसा प्रकार.

आता तुम्ही म्हणाल, की एवढ्या मोठ्या कंपन्यांना हे कळत नाही का? कळतं. आणि आजचंच नाही, फार पूर्वीपासून कळतं. ऐंशीच्या दशकातली कॅल्क्युलेटरची घड्याळं आठवतात? आखाती देशातून आलेला एखादा काका ती घालून लग्नात मिरवायचा आणि आम्ही पोरं त्या इवल्या बटणांना हात लावायला धडपडायचो. त्याच कॅसिओने 1984 साली एटी-550 नावाचं घड्याळ काढलं. त्यात बटणांची भानगड नव्हती. काचेवर बोटाने आकडा गिरवायचा, मग अधिकचं चिन्ह गिरवायचं, की घड्याळ बेरीज करून देई. 1984! म्हणजे टच स्क्रीन हा शब्द आपल्याकडे कुणी ऐकलाही नव्हता तेव्हा. उलट 2005 मध्ये फॉसिलने पाम ओएसवर चालणारं घड्याळ आणलं, आणि त्यात लिहायला पट्ट्याच्या बकलात दडवलेली चिमुकली काडी दिली. दात कोरायलाही जिचा उपयोग झाला नसता अशा त्या काडीने मनगटावर लिहायचं. ते फार टिकलं नाही, यात नवल नाही.

पुढचा इतिहास तुम्हाला माहीतच आहे. 2013 मध्ये आलेल्या पेबलने टचला रामराम ठोकून 4 बटणांवर भागवलं. 2015 मध्ये अ‍ॅपलने घड्याळाला फिरवायची चावी दिली आणि त्याच वर्षी सॅमसंगने पडद्याभोवतीची कडीच फिरती केली. दोन्हींमागे शहाणपण एकच : बोट काचेवरून बाजूला काढा म्हणजे काच दिसेल. पहिल्या अ‍ॅपल वॉचमध्ये कीबोर्ड नव्हताच. 2016 मध्ये बोटाने एकेक अक्षर गिरवायची सोय आली. आणि 2021 मध्ये पडदा जरा मोठा झाल्याबरोबर काय आलं असेल? बरोबर. बंब आला. 1870 च्या दशकातल्या टाइपरायटरची अक्षररचना मनगटावर!

हा कीबोर्ड चालतो, नाही असं नाही. पण तो चालतो कारण मागे शब्दकोश बसलेला असतो. तुम्ही चुकीच्या जागी बोट मारता आणि यंत्र अंदाज बांधतं, की बाबाला अमुक शब्द म्हणायचा असेल. इंग्रजीत हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर येतो. रोमन लिपीत मराठी लिहायला गेलात की त्याचा पार विचका होतो. 'आलो' लिहावं तर 'अलोन' होतं.

घड्याळाची आणखी एक अडचण आहे, तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. फोन एका हातात धरून त्याच हाताच्या अंगठ्याने चालवता येतो. घड्याळ एका हातावर असतं आणि चालवायला दुसरा लागतो. म्हणजे एवढंसं यंत्र, पण दोन्ही हात अडकवून ठेवतं! संध्याकाळी 7 च्या लोकलमध्ये एका हाताने वरची कडी धरलीये, दुसऱ्या हातात डब्याची पिशवी आहे, अशा वेळी ज्याला मनगटावर टायपिंग जमेल त्याला माझा दंडवत. आणि पावसाळ्यात तर आनंदच. टच पडदा बोट ओळखतो तो बोटातून वीज वाहते म्हणून. पावसाच्या थेंबातूनही ती वाहते. त्यामुळे जुलै महिन्यात घड्याळावर आपल्या आधी पाऊसच टायपिंग करून घेतो.

एवढं सगळं पाहिल्यावर माझं पहिलं म्हणणं असं, की घड्याळावर 'कुठे' हा प्रश्न विचारूच नये. 'कुठल्या दिशेला' हे विचारावं. अंधारात भिंतीवरचं नेमकं बटण सापडत नाही, पण दार डावीकडे आहे हे पक्कं ठाऊक असतं. बोटाचंही तसंच आहे. 3 मि.मी.च्या ठिपक्यावर नेम धरणं अवघड, पण काचेवर कुठेही टेकून बोट डावीकडे ओढणं सोपं. ते न बघताही जमतं, बोटाने पडदा झाकला तरी बिघडत नाही. 1990 च्या दशकात टोरोंटोत गॉर्डन कुर्टनबाख आणि बिल बक्स्टन यांनी दिशांवर चालणाऱ्या मेनूंचा कसून अभ्यास केला. 8 दिशा, आणि त्याही एकामागून एक अशा दोन वेळा, इथपर्यंत माणसाचा हात बऱ्यापैकी भरवशाचा असतो असं त्यातून दिसलं.

दुसरं म्हणणं असं, की एका फटक्यात अक्षर निवडायचा हट्ट सोडावा. दोन सोपे फटके हे एका अवघड फटक्यापेक्षा बरे. 2013 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मंडळींनी झूमबोर्ड केला. त्यात पहिल्या स्पर्शाला कीबोर्डचा तेवढा भाग मोठा होतो आणि दुसऱ्या स्पर्शाला अक्षर उमटतं. 2014 च्या स्वाइपबोर्डमध्ये स्पर्शाऐवजी दोन फटकारे आले : पहिला अक्षरांचा गट निवडतो, दुसरा त्यातलं अक्षर. दोन तासांच्या सरावानंतर लोक त्यावर मिनिटाला वीसच्या आसपास शब्द लिहू लागले. मनगटावर हे काही वाईट नाही.

पण इंग्रजीत हे गट कसे पाडणार? क्यू-डब्ल्यू-ई हा एक गट का, तर टाइपरायटरवर ती शेजारी होती म्हणून. त्यात काही तर्क नाही, नुसतं पाठांतर.

आणि आता आपल्या लिपीकडे बघा. क वर्ग, च वर्ग, ट वर्ग, त वर्ग, प वर्ग. 5 वर्ग, प्रत्येकात 5 अक्षरं. मग य, र, ल, व, ळ. मग श, ष, स, ह आणि त्यांच्या शेपटाला क्ष, ज्ञ. आणि स्वरांचा एक गट. झाले 8. दोन टप्प्यांत अक्षर निवडायचं, पहिल्या टप्प्यात गट आणि दुसऱ्यात अक्षर, हे आपल्याला कुणी शिकवायची गरजच नाही. 'ध' कुठला? त वर्गातला, चौथा. हे उत्तर द्यायला कुणी संगणकशास्त्राची पदवी घेत नाही. उच्चार तोंडात कुठे होतो यावरून ही मांडणी शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी करून ठेवली, आणि आपण ती परवचा म्हणता म्हणता पाठ केली. एकेका बटणावर एकेक वर्ग ही युक्ती बटणांच्या जुन्या फोनवर देवनागरीसाठी वापरलीही होती. टच पडदे आले आणि आपण ती विसरलो.

आता मघाचं गणित आठवा. 30 मि.मी.च्या पडद्यावर 9 मि.मी.ची बटणं किती बसतात? आडवी 3, उभी 3, एकूण 9. आपले गट 8, आणि नववं बटण मोकळ्या जागेसाठी आणि खोडण्यासाठी. जणू कुणी मापं घेऊनच शिवलंय!

मात्रांचं काय, हा पुढचा प्रश्न. त्याचं अर्धं उत्तर पवईत मिळून बरीच वर्षं झाली. आयआयटी मुंबईच्या औद्योगिक आरेखन केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या गटाने फोनसाठी 'स्वरचक्र' नावाचा कीबोर्ड केला. व्यंजनावर बोट ठेवलं की त्याभोवती चाक उमटतं आणि त्यात का, कि, की, कु अशी बाराखडी गोल मांडलेली असते. बोट हव्या त्या दिशेला सरकवायचं आणि उचलायचं. फार सुंदर कल्पना आहे. मला विचाराल तर ती फोनपेक्षा घड्याळाला जास्त शोभेल, कारण फोनवर दिशा ही चैन आहे, घड्याळावर ती गरज आहे.

घड्याळासाठी मी त्यात एक बदल करीन. चाकावर काय लिहिलंय ते वाचावंच लागू नये, म्हणून दिशा मात्रेच्या जागेवरून ठरवाव्या. काना उजवीकडे असतो, म्हणून उजवीकडे ओढलं की 'का'. मात्रा डोक्यावर, म्हणून वर ओढलं की 'के'. उकार खाली, म्हणून खाली ओढलं की 'कु'. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे, म्हणून डावीकडे 'कि'. काना आणि मात्रा मिळून 'को', तेव्हा तो उजवीकडे वर, दोन्हींच्या मधे. पाय मोडायचा तर तिरकं उजवीकडे खाली, जशी ती रेघ असते तशीच. अनुस्वार डावीकडे वर. उरलेल्या आठव्या दिशेला चंद्र ठेवू, 'ऑफिस' आणि 'बॅग' लिहिल्याशिवाय आपलं थोडंच भागतंय! आणि दीर्घासाठी? बोट क्षणभर रोखून धरायचं. कि ची की, कु चा कू, के चा कै, को चा कौ. ऱ्हस्व म्हणजे थोडा वेळ, दीर्घ म्हणजे जास्त वेळ, व्याकरणाच्या बाई हेच तर सांगत होत्या. दुसरी वेलांटी उजवीकडे असते ना, मग ती डावीकडे का, असा प्रश्न चाणाक्ष वाचकांना पडेल. रास्त आहे. एवढी एक तडजोड मी मुकाट्याने गिळायला तयार आहे.

हिशोबही देतो, म्हणजे नुसत्या बाता मारतोय असं व्हायला नको. 'उशीर होईल' हा आपल्या सर्वांचा राष्ट्रीय संदेश. उ, शी, र, हो, ई, ल ही 6 अक्षरं, प्रत्येकी 2 हालचाली, मधली जागा 1. एकूण 13. हाच संदेश रोमन लिपीत लिहायला साधारण 10 स्पर्श लागतात. म्हणजे मोजदादीत आपण हरलो. पण ते 10 स्पर्श 3 मि.मी.च्या ठिपक्यांवर, शब्दकोशाच्या मेहेरबानीने. आणि हे 13, प्रत्येक 9 मि.मी.च्या ऐसपैस बटणावर किंवा नुसत्या दिशेने, कुणाच्याही अंदाजाच्या उपकाराशिवाय. हा सौदा मला मान्य आहे. मोठाले मजकूर यावर कुणी लिहू नयेत, त्यासाठी खिशात फोन आहेच. घड्याळाचं काम दोन-चार शब्दांचं.

आता आक्षेपांकडे येऊ. पहिला : टायपिंग हवंय कशाला, बोलून सांगा की. घरी कणीक मळताना बोलून सांगणं उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. पण हॉस्पिटलच्या व्हरांड्यात? मीटिंगमध्ये? शेअर रिक्षात दोन अनोळखी माणसांच्या मधे बसून 'रिपोर्ट आले, काळजीचं आहे' हे घड्याळाला मोठ्याने सांगाल? काही वाक्यं लिहायचीच असतात. आवाज हा सोयीचा मार्ग आहे, एकमेव मार्ग असू नये.

दुसरा आक्षेप : तयार उत्तरं आहेत की, एक बटण दाबा झालं. इंग्रजीत 'वाटेत आहे' हे सगळ्यांसाठी एकच वाक्य. मराठीत येतोय का येतेय? घड्याळाला आधी लिहिणारा पुरुष आहे का बाई ते ठाऊक हवं. 'जेवलास का' का 'जेवलीस का' का 'जेवलात का'? समोर मित्र आहे, बहीण आहे का सासरे, तेही ठाऊक हवं. सासऱ्यांना 'काय रे' असं उत्तर गेलं तर ती चूक घड्याळाची होती हे दिवाळीपर्यंत समजावत बसावं लागेल. तयार उत्तरं हवीत, पण ती मराठीत विचार करून लिहिलेली. भाषांतर केलेली नकोत.

तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार : मनगटावर मराठी लिहिणार आहे कोण? त्याचं उत्तर देताना मला थोडं मागे जावं लागेल. आमच्या पिढीने चॅटिंग सुरू केलं तेव्हा संगणकावर मराठी नीट उमटत नव्हतं. म्हणून आम्ही रोमनमध्ये 'कसा आहेस' विचारायला लागलो. खरं तर इनस्क्रिप्ट नावाचा प्रमाणित कळफलक 1986 पासून होता, स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला, अशी सुरेख मांडणी. पण तो आमच्या हातात पडलेल्या यंत्रांवर सहज दिसत नव्हता, कुणी शिकवतही नव्हतं. पुढे युनिकोड आलं, बरहा आलं, गमभन आलं, फोनवर मराठी कीबोर्ड आले. सगळं आलं. पण तोवर सवय पडून गेली होती. आज फोनवर सगळी सोय असताना माझ्या वयाचे कितीतरी जण आपल्या आईला रोमनमध्ये लिहितात. मराठी येत नाही म्हणून नव्हे. सुरुवातीच्या त्या थोड्या वर्षांत यंत्राला येत नव्हतं म्हणून.

माझे बाबा सत्तरी ओलांडलेले आहेत. ते शुद्ध देवनागरीत लिहितात, पूर्णविरामासकट. 'जेवण झाले का? पाऊस फार आहे, जपून ये.' हा संदेश माझ्या घड्याळावर नीट दिसतो, वेलांट्या-उकारांसह. उत्तर द्यायला गेलो की मराठी कीबोर्ड नाही. मग मी अंगठा पाठवतो. ते बिचारे अंगठ्यावर समाधान मानतात. पण निरक्षर माणसाने सही म्हणून अंगठा उठवावा आणि मी उत्तर म्हणून तो पाठवावा, यातलं साम्य मला बोचतं. वाचता येतं पण लिहिता येत नाही, अशी अवस्था यंत्राने माझ्यावर आणली आहे, आणि तीही माझ्या स्वतःच्या भाषेत.

दरवेळी असंच होतं. नवीन यंत्र निघतं ते इंग्रजी गृहीत धरून. आपली भाषा येते मागाहून, उरलेल्या जागेत, भाषांतर होऊन. तोवर लोकांची बोटं वेगळ्या वळणाला लागलेली असतात. घड्याळाच्या बाबतीत मात्र अजून वेळ गेलेली नाही. मनगटावर कसं लिहायचं याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडेच नाही, इंग्रजीवाल्यांकडेही नाही. सगळे चाचपडतायत. अशा वेळी ज्यांच्या लिपीत गट आयते आहेत, दिशा आयत्या आहेत, त्यांनी दुसऱ्याच्या टाइपरायटरचं मराठीकरण होण्याची वाट बघत बसावं, हे काही पटत नाही.

पुण्या-मुंबईत, बंगळुरात, बे एरियात हजारो मराठी इंजिनिअर पोटासाठी रोज दुसऱ्यांचे पडदे आखतायत. त्यातल्या दोघा-चौघांनी काही शनिवार-रविवार या कामाला दिले तरी पुरे. नऊ चौकोन, आठ दिशा. सामान एवढंच लागतं, आणि बंब घरीच ठेवायचा.